हात नसलेली खुर्ची

मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की डोळ्यांसमोर येणारे चित्र ठरलेले आहे: गणपतीच्या किंवा नवरात्राच्या मांडवातले व्यासपीठ, त्यावर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, एक हुबेहूब किशोरकुमार, एक हुबेहूब लता आणि दर गाण्याआधी शेर ऐकवणारा निवेदक. हा प्रकार वाईट नाही. त्यावर अनेकांच्या घरच्या चुली पेटल्या आहेत. पण त्याने शब्द अडवून ठेवला आहे. इतरत्र याच शब्दाला आणखी एक अर्थ आहे. दिवसभर बँकेत, शाळेत, दवाखान्यात राबलेली चाळीस-पन्नास माणसे आठवड्यातून एका संध्याकाळी आपापले वाद्य घेऊन एखाद्या सभागृहात जमतात, दोन तास एकत्र वाजवतात, वर्षातून दोन-चार वेळा गावाला ऐकवतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत, उलट वर्गणी भरतात. ‘हौशी रंगभूमी’ म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत गावोगावचे हौशी संघ सहा दशकांहून अधिक काळ उतरत आले आहेत आणि त्यांच्यातला एखादा नट वाक्य विसरला म्हणून कोणी नाट्यकलेच्या नावाने गळा काढत नाही. ‘हौशी वाद्यवृंद’ मात्र म्हणून पाहावे, कानाला परके लागते. मुद्दा असा की आपल्याकडे वाजवणारे कमी नाहीत, शिकवणारे कमी नाहीत, हौसही कमी नाही. बेताचे वाजवणाऱ्याने जाऊन बसावे अशी खुर्ची नाही. ती असायला हवी, आणि आणखी एक वातानुकूलित नाट्यगृह बांधण्यापेक्षा तिची गरज मोठी आहे.

वाजवणारे कमी नाहीत हे कशावरून? पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत घराण्याच्या उंबऱ्याबाहेर, फी भरणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्यासाठी वर्गात आणले. त्यांच्या पश्चात 1931 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आजही तालुक्याच्या गावांपर्यंत होतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही पायरी मराठी मध्यमवर्गीय घराला इतकी परिचित आहे की ‘आमची मध्यमा पूर्ण झाली’ हे वाक्य लग्नाच्या परिचयपत्रातही दिसते. मुंबई, पुणे आणि गोव्यात याच्या जोडीला लंडनहून चालणाऱ्या ग्रेड परीक्षा आहेत; गिटार, कीबोर्ड, व्हायोलिनच्या शिकवण्या त्यांच्या वेळापत्रकावर चालतात. म्हणजे पाच-सहा वर्षे पेटी, तबला, सतार, बासरी, व्हायोलिन शिकलेली माणसे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आहेत. मग दहावी येते, शिकवणी सुटते, वाद्याला खोळ चढते आणि ते माळ्यावर जाते. दिवाळीच्या साफसफाईत खाली उतरते, भात्यातली झुरळे झटकली जातात आणि परत वर. हे आळसामुळे होते असे म्हणणे सोपे आहे, पण खरे कारण वेगळे आहे. आपल्या संगीतशिक्षणाने विद्यार्थ्यासमोर दोनच वाटा ठेवल्या: मैफल गाजवणारा कलावंत हो, नाहीतर श्रोता हो. क्रिकेटमध्ये रणजीपर्यंत न पोचलेला मुलगा रविवारी टेनिस बॉलने खेळतो आणि पन्नाशीपर्यंत खेळतो. कोणी त्याला ‘मग शिकलास कशाला’ असे विचारत नाही. वाद्याला अशी रविवारची खेळपट्टी नाही.

ही खेळपट्टी कशी असते हे नव्या सभासदाच्या पहिल्या संध्याकाळवरून नीट कळते. युरोप-अमेरिकेतल्या कुठल्याही हौशी वाद्यवृंदात व्हायोलिन घेऊन गेलेल्या नव्या माणसाला बहुधा दुसऱ्या व्हायोलिनच्या गटात, अगदी मागे बसवतात. दोघांत एक स्टँड. प्रेक्षकांच्या बाजूला बसतो तो वाजवत राहतो, आतल्या बाजूला बसतो त्याने पान उलटायचे. म्हणजे नव्या सभासदाची पहिली जबाबदारी वाजवण्याची नसते, नेमक्या वेळी थांबण्याची असते. पानाच्या शेवटच्या ओळीवर आपला गज उचलायचा, पान फिरवायचे आणि शेजाऱ्याचा सूर तुटू द्यायचा नाही. त्याआधी ओबो एक लांब सूर देतो, सेकंदाला 440 कंपनांचा, आणि सगळे त्याला आपली तार मिळवतात. मग रचना सुरू होते आणि नव्या माणसाच्या हातून निम्मे सूर सुटतात. शेजारचा जुना माणूस जो सल्ला देतो तो जगभर जवळपास एकच आहे: सगळे गाठायला जाऊ नकोस, प्रत्येक आवर्तनाचा पहिला सूर धर, आणि गज मात्र सगळ्यांचा वर तेव्हा वर, सगळ्यांचा खाली तेव्हा खाली. पुढच्या आठवड्यात दोन सूर, त्याच्या पुढच्या आठवड्यात चार. जे एकलव्याच्या साधनेत कधीच शक्य नसते ते इथे घडते: अर्धवट वाजवूनही पूर्ण रचनेच्या आत बसता येते.

आणि गप्प बसणेही शिकता येते. बेथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीत ट्रोम्बोनवाले पहिले तिन्ही भाग मांडीवर वाद्य ठेवून बसतात; त्यांचा पहिला सूर चौथ्या भागात येतो. ड्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीत झांजेवर सबंध रचनेत एकच आघात आहे. तो एक आघात चुकू नये म्हणून शेकडो आवर्तने मोजत बसणारा माणूस त्या रात्री वाद्यवृंदाचा पुरता सभासद असतो, पहिल्या व्हायोलिनइतकाच. तबल्याच्या विद्यार्थ्याला खालीची जागा मोजायची सवय असते, त्याला यात काही नवल वाटणार नाही. पण ‘किती वाजवले’ यावरून सहभाग मोजायची जी सवय आपल्या गुणपत्रिकांनी लावली आहे, तिला हे पचायला जड जाईल.

हे काही आजचे नाही. लाइप्झिगमध्ये 1702 मध्ये टेलेमानने विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना घेऊन एक वादकमंडळ उभे केले. 1729 पासून त्याची सूत्रे योहान सेबास्टियन बाख याच्याकडे होती आणि त्यांचे वादन झिमरमान नावाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहात होई. बाखसारखा माणूस आठवड्याला कॉफीच्या वासात विद्यार्थ्यांच्या घोळक्यासमोर उभा राहत होता हे आपल्याकडच्या गंभीर संगीतप्रेमींनी ध्यानात ठेवावे. अलीकडचे उदाहरण पूर्व लंडनचे. तिथे 1980च्या दशकात शाळेत तंतुवाद्ये शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना वाटले की आपणही शिकावे, आणि त्यातून प्रौढ नवशिक्यांचा वाद्यवृंद उभा राहिला. मुलाला शिकवणीला सोडून बाहेर दोन तास मोबाइल चाळत बसणाऱ्या आपल्याकडच्या आईबापांची रांग पाहिली की या गोष्टीचे मोल कळते. एडिंबरामध्ये 1995 मध्ये कादंबरीकार अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ आणि त्यांच्या मित्रांनी ‘द रिअली टेरिबल ऑर्केस्ट्रा’ काढला. नावच ‘खरोखर भयंकर’. हे भयंकर लोक 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये वाजवून आले. गंमत म्हणून ठीक आहे, पण बेसूरपणाची जाहिरात करण्यात एक पळवाट आहे असे माझे मत आहे. आधीच हसून घेतले की नंतर कोणी हसायला नको, एवढाच त्याचा अर्थ होतो. पूर्व लंडनच्या पालकांचा मार्ग जास्त सरळ आहे: वाईट वाजवतो हे खरे, आणि बरे वाजवायचे आहे हेही खरे.

आता कोणी म्हणेल, ही सगळी तिकडची कौतुके; मराठी माणसाला एकत्र वाजवण्याची ओढच नाही. या आक्षेपाला पुण्याचे नदीपात्र पुरेसे उत्तर आहे. पावसाळा सुरू झाला की ढोल-ताशा पथकांची नव्या वादकांची नोंदणी सुरू होते आणि गणेशोत्सवापर्यंतचे साधारण दोन महिने संध्याकाळी नदीकाठ, पुलाखालच्या जागा, शाळांची मैदाने दणाणतात. महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली, नोकरी करणारे, डॉक्टर, गृहिणी. संगीताची पूर्वतयारी कोणी विचारत नाही. नव्या माणसाला आधी ढोलाला हात लावायला मिळेलच असे नाही. पान ताणणे, दोरी ओढणे, कमरेला ढोल कसा बांधायचा हे आधी. मग एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, आणि पहिला ‘हात’. तो बसला की दुसरा. शिकवतो कोण? गेल्या वर्षी शिकलेला. हुकूम ताशाचा असतो. ताशा वळला की शंभर ढोल वळतात. नवा वादक मागच्या ओळीत असतो आणि चुकला तर शेजारच्याच्या हाताकडे पाहून परत ठेक्यात येतो. लाइप्झिग असो वा लकडी पूल, नव्याला सामावून घेण्याची यंत्रणा एकच आहे: प्रवेशाला परीक्षा नाही, वाट्याला आलेले काम सोपे आहे पण खोटे नाही, आणि बाजूला बसलेला माणूस तुमच्यापेक्षा एकच इयत्ता पुढे आहे. गुरू फार पुढे असतो, त्याची चूक दिसत नाही. शेजाऱ्याची काल झालेली चूक आज आपल्याला शिकवते. ज्ञान प्रबोधिनीने 1970च्या दशकात मुलींच्या कमरेला ढोल बांधला तेव्हा भुवया उंचावल्या होत्या. आज मुलींशिवायचे पथक पाहिले तर लोक कारण विचारतील.

त्याहून जुना दाखला हवा असेल तर गावातल्या भजनी मंडळाचा घ्या. नव्या माणसाच्या हाती आधी टाळ देतात. पखवाज नाही, वीणा तर नाहीच. टाळ वाजवायला अवघड नाही, पण तो चुकला तर सगळ्यांना कळते, म्हणून लक्ष द्यावेच लागते. दुसऱ्या व्हायोलिनची मागची खुर्ची आणि भजनातला टाळ यांत मला तरी फरक दिसत नाही. म्हणजे जी रीत आपण विलायती समजतो ती आपल्या ओसरीवर पहिल्यापासून आहे. फक्त ती माळ्यावरच्या सतारीपर्यंत पोचलेली नाही.

पथकांकडे बोट दाखवून काम मात्र संपत नाही. पथक हंगामी आहे, ते गुडघे आणि पाठ शाबूत असलेल्यांचे आहे, आणि त्यात सूर नाही. साठीतल्या निवृत्त शिक्षिकेला व्हायोलिन वाजवायचे आहे, तिने काय करायचे? शिवाय आवाज. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट 2024 मध्ये पुण्यातल्या पथकांना तीस वादकांची मर्यादा घातली. 12 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. त्या वादात दोन्ही बाजू पोटतिडकीने बोलल्या आणि दोन्ही बाजूंचे काही खरे होते. रस्त्याकडेच्या घरातल्या आजारी माणसाला ढोलाचा त्रास होतो हे खरे, आणि शेकडो तरुणांना वर्षातून एकदा एका ठेक्यात उभे राहण्याची गरज वाटते हेही खरे. ही गरज वर्षातून दोन महिनेच भागत असेल तर ती दहा दिवसांत ओसंडणारच. बाराही महिने बंद दाराआड, चार भिंतींत वाजवायची सोय असती तर वाद अजिबात झाला नसता असे नाही, पण निम्मा उत्साह तरी विभागला गेला असता.

सर्वांत वजनदार आक्षेप संगीताच्या अंगाने येतो. आपले संगीत एकट्याचे आहे. राग हा एका गळ्यातून, एका बोटातून उलगडतो. तीस जणांनी मिळून आलाप कसा करायचा? नाहीच करता येणार, आणि कोणी करूही नये. पण आपल्याकडे आलापाखेरीज पुष्कळ काही आहे: गती, धुना, नाट्यपदे, लोकगीतांच्या चाली, लेझीमचे ठेके. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या साथीत पोरकी झालेली मुले गोळा करून मैहरला बँड उभा केला. त्या मुलांना ना लिहिता-वाचता येत होते ना स्वरलिपी कळत होती. खाँसाहेबांनी ऐकवून ऐकवून शिकवले. सतार-सरोदाशेजारी व्हायोलिन आणि चेलो बसवले, आणि बंदुकीच्या नळ्या कापून ‘नलतरंग’ नावाचे वाद्यच बनवले. रागांतल्या रचना तो बँड आजही वाजवतो. घराण्याचा एवढा कडवा साधक, हाताखालच्या शिष्यांना वर्षानुवर्षे पलटे घोटायला लावणारा, तो नवशिक्यांना एकत्र बसवणे कमीपणाचे मानत नव्हता. आकाशवाणीने 1952 मध्ये दिल्लीत वाद्यवृंद उभा केला तेव्हा त्याची धुरा रविशंकरांकडे होती, पुढे पन्नालाल घोष आले. आणि गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा जमवून रागांवर बांधलेल्या रचना शंभरेक वादकांकडून वाजवून घेतल्या. ‘आपल्या संगीतात हे बसत नाही’ हे वाक्य ज्यांना बसवून दाखवायचे होते त्यांनी केव्हाच खोडून काढले आहे. या मंडळींनी व्यावसायिकांना किंवा पूर्णवेळ शिष्यांना घेऊन ते केले, मास्तर आणि कारकुनांना घेऊन नाही, एवढेच काय ते शिल्लक उरते.

खरी अडचण तत्त्वाची नाही, पट्टीची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्याकडे प्रत्येक विद्यार्थी आपापल्या पट्टीत वाढतो. सतार बहुधा काळी एकच्या आसपास लागलेली, शिकवणीतली बासरी पांढरी तीनची, पेटीवाली मुलगी गाणाऱ्या बाईंबरोबर काळी चारला सरावलेली, व्हायोलिनवाला गुरूंच्या सांगण्यावरून तारा उतरवून बसलेला. हे चौघे एका खोलीत आले तर पहिला अर्धा तास भांडणात जाईल. पण याला उपाय आहे आणि तो रुक्ष आहे: वाद्यवृंदाने एक पट्टी ठरवायची आणि ती दारावर लिहायची. बासरीवाल्याने दुसरी बासरी घ्यायची. ती सतारीच्या तारांच्या दोन संचांपेक्षा फार महाग नसते. दुसरे म्हणजे रचना लिहाव्या लागतील. एकाच धुनेचे तीन पदर: वरचा अवघड, मधला बेताचा, आणि खालचा असा की ज्यात नव्या माणसाने दर आवर्तनाला दोन सूर सांभाळले तरी पुरे. पलुस्कर आणि भातखंडे यांनी स्वरलिपी देऊन ठेवली आहे; तिच्यात असे तीन पदर एकाखाली एक लिहायला कोणी हरकत घेतलेली नाही. चित्रपटसंगीतातले आणि भावगीतांतले व्हायोलिनचे तुकडे, जे आपण गाण्याच्या शब्दांइतकेच तोंडपाठ गुणगुणतो, ते वादकांनी असेच पदर पाडून लिहिलेल्या कागदांवरून वाजवले आहेत.

‘पण ऐकवेल का?’ हा प्रश्न राहतो. पहिल्या वर्षी नाही ऐकवणार. ज्याला किशोरीताईंच्या भूपानंतर दुसरे काही ऐकणे पाप वाटते त्याने त्या दिवशी घरीच बसावे. हौशी वाद्यवृंद श्रोत्यांसाठी नसतोच. तो आत बसलेल्यांसाठी असतो आणि कार्यक्रमाची तारीख ही सराव चुकवू नये म्हणून लावलेली पाचर असते. आत बसलेल्यांना काय मिळते याचा थोडा पुरावाही आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात प्रौढांच्या तीन प्रकारच्या वर्गांची तुलना होती: गाणे, हस्तकला आणि लेखन. सात महिन्यांच्या अखेरीस तिन्ही वर्गांतली माणसे एकमेकांच्या सारखीच जवळ आली होती. पण गाणाऱ्यांमध्ये ही जवळीक फार लवकर, पहिल्या महिन्यातच झाली. अभ्यास गळ्याचा आहे, वाद्यांचा नाही, आणि त्यातून संगीत हेच एकमेव रसायन आहे असेही निघत नाही. हस्तकलेच्या वर्गानेही शेवटी तेच साधले. तरी ज्या शहरांत माणसे दर तीन वर्षांनी घर बदलतात आणि लिफ्टमध्ये एकमेकांच्या बुटांकडे पाहतात, तिथे ‘लवकर’ या शब्दाला किंमत आहे. गप्पांमध्ये नवा माणूस अवघडतो, काय बोलावे सुचत नाही. एकत्र वाजवताना बोलावेच लागत नाही. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांना हे शाळेतच मिळते. तिथल्या बहुतेक शाळांत बँड किंवा ऑर्केस्ट्रा हा विषय असतो आणि कुलकर्ण्यांची मुलगी चेलो ओढत बसमध्ये चढते. तिच्या पुण्यातल्या चुलत भावाच्या वाट्याला तेवढ्याच वयात एकट्याने द्यायची परीक्षा येते.

ज्या आक्षेपाला मला झटकन उत्तर देता येत नाही तो जातीचा आणि पोटाचा आहे. महाराष्ट्रात एकत्र वाजवणे हे शतकानुशतके कोणाचे काम होते? वाजंत्र्यांचे. देवळात सनई-चौघडा गुरवाचा, गावात हलगी आणि सनई मांग-होलारांची, लग्नाच्या वरातीत झालरीच्या गणवेशातला बँड. मानाच्या पंगतीत त्यांना जागा नव्हती. सुशिक्षित घराने मुलाला सतार शिकवली पण बँडमध्ये कधी बसवले नाही, ते संगीताच्या तत्त्वापायी नव्हे. ‘वाजवायला जाणे’ हे हलके काम आणि ‘शिकणे’ ही संस्कृती, या समजुतीपायी. आलाप एकट्याचा असतो या युक्तिवादामागे ही गोष्ट कुठेतरी दडलेली असते. पुढे तेच ढोल शहरी मुलांच्या कमरेला आले तेव्हा प्रतिष्ठा वाढली, आणि पुण्याभोवतालच्या खेड्यांतून मिरवणुकीला येणारी, चार पैसे घेऊन जाणारी ढोल-लेझीमची मंडळे मागे पडली. हौशी माणूस फुकट वाजवतो तेव्हा पोटासाठी वाजवणाऱ्याची सुपारी जाते. हे घडले आहे आणि हौशी वाद्यवृंदाच्या नावाखाली पुन्हा घडू शकते. म्हणून दोन अटी मला आवश्यक वाटतात. हौशी वाद्यवृंदाने लग्ने, उद्घाटने, कंपन्यांचे सोहळे घेऊ नयेत, फुकट तर नाहीच नाही. आणि वर्गणीतला मोठा वाटा समोर उभा राहून शिकवणाऱ्याला मिळावा, तो व्यावसायिक वादक असावा, आणि सनईवाल्या किंवा बँडवाल्या घरातला मिळाला तर सोन्याहून पिवळे. क्लॅरिनेट, कॉर्नेट, युफोनियम वाजवता येणारी माणसे आपल्या शहरांत आहेतच. ती मंगल कार्यालयाच्या फाटकापाशी उभी असतात आणि लग्नाचा हंगाम संपला की रिकामी असतात. कीबोर्डमधून एका बोटाने वीस व्हायोलिनांचा आवाज निघू लागल्यावर ज्या स्टुडिओवादकांचे काम गेले, त्यांतले काही अजून शिकवू शकतात.

पैशांचे म्हणाल तर मुंबईने दोन्ही टोके पाहिली आहेत. मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला तो पारशी हौशी वादक, गोव्याचे व्यावसायिक आणि युरोपातून आलेले निर्वासित यांची मोट बांधून. बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा 1962 पासून मुख्यतः हौशी वादकांच्या जिवावर चालत आला. दुसरीकडे नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाटक केंद्राने 2006 मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. तो उत्तम वाजवतो, पण त्यातले बरेचसे वादक हंगामापुरते परदेशातून, विशेषतः कझाकस्तानातून येतात. उत्तम ऐकायला मिळावे म्हणून हे जरूर असावे. पण त्या सभागृहात बसलेल्या मुलाने मनात म्हटले की मलाही तिथे बसायचे आहे, तर त्याला घराजवळची पहिली खुर्ची दाखवणारे कोणी नाही. वरचा मजला आहे, जिना नाही.

जिन्याला फार खर्चही येत नाही. पालिकेच्या आणि अनुदानित शाळांच्या इमारती संध्याकाळी सहानंतर बंद असतात. मुंबईत मराठी माध्यमाच्या कितीतरी शाळांचे वर्ग तर पटसंख्येअभावी दिवसाही रिकामे आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन तास. दिव्यांचे बिल, रखवालदाराचा भत्ता, कपाटाला कुलूप आणि उन्हाळ्यात पंखा; तोही हळू, नाहीतर कागद उडतात. स्टँड नसतील तर सुरुवातीला बाकावर दप्तर उभे करून त्याला कागद टेकवता येतो. फक्त खुर्च्यांच्या बाबतीत तडजोड नको. मांडववाले देतात त्या प्लास्टिकच्या, दोन्ही बाजूंना हात असलेल्या खुर्च्या चालत नाहीत. व्हायोलिनचा गज खाली येताना उजवा कोपर त्या हातावर आपटतो आणि चेलोवाल्याला तर बसताच येत नाही. हात नसलेल्या तीस खुर्च्या लागतील. सतार, सरोद आणि तबल्यासाठी एक सतरंजी. आणि मुख्याध्यापकांकडून किल्ली.